नटाखालचा रंग

घरं रंगवणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे डबलकोट म्हणत. पहिल्या हातातच भिंत लख्ख दिसू लागली, तरी दुसरा हात मारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. गिऱ्हाईक म्हणे, "पुरे हो आता, छान दिसतंय." तो ऐकून न ऐकल्यासारखं करी. माळ्याच्या मागे, जिथे कुणाची नजर जायची शक्यता नाही, तिथेही शिडी लावून ब्रश फिरवी. तीस वर्षांत आपल्या कामाचा पोपडा निघाला नाही, हे तो नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवत असे. दुसऱ्याच्या कामातली खोट मात्र त्याला ते करणाऱ्याच्याही आधी दिसे. सुताराने ठेवलेली फट, गवंड्याने काढलेला बाक, सगळं बोलून दाखवायचं, आणि तेही चारचौघांत. स्वभावच तसा, म्हणून लोक सोडून देत.

डबे, फळ्या, शिड्या वाहायला त्याच्याकडे जुनी पिकअप गाडी होती. महिनाभर ती सकाळी कण्हत-कुंथत सुरू होत होती. जावई गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा, बाजारपेठेत त्याचं छोटंसं दुकान. बायको म्हणाली, "त्यांच्याच दारात नेऊन उभी करा की."

"सेल्फ उतरवायचा आणि बसवायचा. दोन बोल्ट आणि दोन वायरी. त्याला काय डॉक्टर लागतो?"

त्याने परसात गाडीखाली पोतं अंथरलं, इंजिन फिरवणारी ती मोटर, म्हणजे सेल्फ, उतरवली आणि जावयाकडे पोचती केली. जावयाने आतले झिजलेले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे, बदलले आणि बॅटरी लावून ती फिरवूनही दाखवली. "मामा, बसवायला येऊ का?" त्याने विचारलं. सासऱ्याला तो मामा म्हणत असे. डबलकोट हसला. "जावईबापू, तुम्ही जन्मायच्या आधीपासून मी पाने फिरवतोय."

सेल्फ बसवताना त्याला दिसलं, की बॅटरीची जाड काळी वायर जिथे गाडीच्या सांगाड्याला नटाने आवळलेली असते, तिथे गंज चढलाय. गंज बघून हा माणूस गप्प बसणार होय? नट सोडला, जागा घासली, लाल प्रायमर लावला. तो वाळल्यावर काळ्या ऑइलपेंटचा एक हात मारला आणि दुसऱ्या दिवशी दुसरा. वायरीच्या टोकाची कडीसुद्धा त्याने कौतुकाने रंगवली. मग सगळं आवळून बसवलं आणि बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान झालंय," आणि आत गेली.

त्याने चावी फिरवली. टक्. समोरचे दिवे मिणमिणून विझले. पुन्हा फिरवली. टक्. बॅटरीवर हात ठेवला, वायरी हलवून पाहिल्या, सेल्फला हातोडीने दोन टोले दिले. टक्. अर्धा तास तो असा झटत होता, आणि त्या अर्ध्या तासात आपलं काही चुकलं असेल हा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही. आपण हात लावलेलं काम चुकतं कसं? मग उरलं कोण?

तो तडक दुकानात गेला. दुकानात तेव्हा एक टॅक्सीवाला आणि एक दूधगाडीवाला आपापल्या कामासाठी बसले होते. त्याने ना इकडे पाहिलं ना तिकडे.

"हे काम केलंत तुम्ही? कार्बन बदलले की नुसताच फडका मारलात? घरच्या माणसाला असं गंडवता, तर या बाहेरच्यांचं काय करत असाल?"

टॅक्सीवाल्याने दूधगाडीवाल्याकडे पाहिलं. जावयाचे कान लाल झाले. तो एवढंच म्हणाला, "मी येऊन बघतो, मामा."

दुपारी तो आला. बायको पाणी घेऊन बाहेर आली, पण नवऱ्याचा चेहरा बघून पेला ठेवून परत गेली. जावयाने गाडीत डोकं घातलं. पिशवीतून एक मोकळी वायर काढली, तिचं एक टोक बॅटरीला आणि दुसरं थेट इंजिनाला टेकवून धरलं. "मामा, मारा चावी."

गाडी एका झटक्यात सुरू झाली.

डबलकोट गाडी बंद करून खाली उतरला. जावई खाली वाकला, रंगवलेला नट सोडला आणि सँडपेपरने ती जागा घासू लागला. आधी काळा रंग निघाला, मग आणखी काळा, मग लाल, आणि मग चकचकीत लोखंड. रंगातून वीज जात नाही, हे त्याने तोंडाने सांगितलंच नाही. सांगायची गरज नव्हती. सासरा बाजूला उभा राहून आपल्याच हातचे दोन्ही कोट भुकटी होऊन खाली पडताना बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या कामाची लाज वाटली. आणि कामापेक्षा सकाळच्या बोलण्याची जास्त.

तेवढ्यात जावयाचा फोन वाजला. पलीकडे डबलकोटची मुलगी होती. कुणीतरी तिला दुकानातला तमाशा कळवला होता.

"हो, झाली सुरू," जावई म्हणाला. "काही नाही गं, कार्बन नीट बसले नव्हते. माझीच चूक."

हीच वेळ होती. 'द्या इकडे फोन' एवढं म्हणायचं होतं. डबलकोट एक पाऊल पुढे झाला, आणि खाली सांडलेली भुकटी पायाने बाजूला सारू लागला. जावयाने कडीही घासून नट आवळला, हात पुसले, "येतो मामा," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, मी चांगलंच झापलंय त्यांना. म्हटलं, माझ्या बाबांनी तीस वर्षांत कुणाला तक्रारीला जागा दिली नाही, आणि तुम्ही त्यांचंच काम असं करता? जेवलेसुद्धा नाहीत नीट. आता तुम्ही राग सोडा. मोठे आहात, माफ करून टाका."

"बरं," तो म्हणाला.

बरं! फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली. बायकोने जेवायला हाक मारली, तर भूक नाही म्हणाला.

सकाळी तो पुन्हा दुकानात गेला. दूधगाडीवाला होताच, टॅक्सीवालाही गाडी घ्यायला आला होता. डबलकोटने घसा खाकरला. "काल मी इथे बोललो ते चूक होतं. सेल्फ उत्तम होता. चूक माझी होती."

"वा!" टॅक्सीवाला म्हणाला. "याला म्हणतात सासरा! जावयावरचा ठपका स्वतःच्या अंगावर घेतला."

"नाही हो, खरंच—"

"राहू द्या हो, कळतं आम्हाला. मोठं मन लागतं त्याला." दूधगाडीवाल्याने तर त्याच्या पाठीवर हातच ठेवला.

खरं बोलूनही शाबासकीच पदरात पडलेली बघून तो पार कानकोंडा झाला. मग तो काल ओरडला होता तेवढ्याच आवाजात ओरडला, "अहो, मी नटाखाली रंग लावला! बॅटरीच्या वायरीखाली! आधी प्रायमर, वर दोन हात ऑइलपेंट! वायरीची कडीपण रंगवली!"

क्षणभर कुणाला काही समजेना. मग टॅक्सीवाल्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो फिसकन हसला. पाठोपाठ दूधगाडीवाला. "दोन हात?" तो पोट धरून म्हणाला. "अहो, कडीला पण?" डबलकोट मान खाली घालून उभा राहिला. हसू देत, हसायलाच पाहिजे, असं त्याला वाटलं, आणि छाती थोडी हलकी झाली.

जावई हसला नाही. हातातला पाना खाली ठेवून तो जवळ आला आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "मामा, घरी पण सांगाल का? काल ती फार बोलली मला."

दुकानातलं हसणं त्याने सोसलं होतं. हे मात्र त्याहून कठीण होतं. या जगात त्याच्या कामाला सगळ्यात जास्त मानणारी त्याची मुलगीच होती. त्याने फोन काढला, नंबर लावला आणि कानाशी धरला. तिने लवकर उचलू नये असं त्याला वाटत होतं.

तिने पहिल्याच घंटीला उचलला. "बोला ना बाबा," ती आनंदाने म्हणाली. "झालं ना सगळं ठीक?"

"पोरी," तो म्हणाला, "तू काल चुकीच्या माणसाला बोललीस."