सोनोग्राफीवाल्या बाईंचं फडकं

सोनोग्राफी नागपुरात नवी होती, तेव्हा धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्या बाई मदतनीस होत्या. मूल होत नाही म्हणून आमच्या तिथं इतक्या चकरा झाल्या, की त्या माझी थट्टाही करू लागल्या. तपासणीआधी बायकोला पोटभर पाणी प्यावं लागे. सोबत म्हणून मीही प्यायचो आणि लघवीला धावाधाव माझीच व्हायची.

"तुम्ही काहून पिऊन राहिले, भाऊ? तपासणी ताईची हाय!"

पोटावरची जेली पुसायला त्या बायकांकडे फडकं फेकायच्या, "घे वं, पूस." गर्भारणीचं पोट मात्र स्वतः पुसायच्या. म्हणायच्या, "बाळाले थंडी वाजते ना."

बायको चाळिशीला टेकली, त्या वर्षी तिचं पोट वाढू लागलं. तिनं गुपचूप लोकर आणली.

तपासताना यंत्राच्या पडद्याकडे बघत डॉक्टर म्हणाले, "हा गोल दिसतो ना? गर्भ नाही, फायब्रॉइड आहे. साधी गाठ, कॅन्सर नाही."

"वा!" मी म्हणालो. असं मीच म्हणू जाणे. बायकोनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

फडकं घ्यायला मी हात पुढे केला. बाईंनी ते मला दिलं नाही. वाकून, हलक्या हातानं त्या स्वतःच तिचं पोट पुसू लागल्या आणि ते कोरडं झालं तरी पुसतच राहिल्या.