आजाऱ्याचा वाटा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या मामांचे. वडील गेल्यावर आई मला घेऊन नागभीडजवळच्या तिच्या माहेरी आली, तेव्हा मी दुसरीत होतो. मामा धीवर. गावच्या तलावात मासेमारी करायचे आणि धानाच्या हंगामात दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, मजुरी. त्यांची स्वतःची मुलं चौथी-पाचवीतच शाळा सोडून तलावावर गेली होती. मलाही एकदा त्यांनी हातात जाळं दिलं. मी ते असं काही फेकलं की जाळ्यामागोमाग मीही पाण्यात. मामा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून पोट धरून हसले.

"तुह्या हातचा मासा मांजरही नाई खाणार रे. तू आपला शाळेतच जाय."

म्हटलं ते गमतीनं, पण निभावलं खरोखर. दहावीनंतर चंद्रपूर, मग इंजिनिअरिंग. दर वेळी कोणी ना कोणी त्यांना टोचायचंच, "भाच्याले शिकवून काय करतं भाऊ? मोठा होऊन तुले पाणी पाजणार हाय काय?" मामा म्हणायचे, "पाणी पाजाले तलाव हाय ना माह्या दारापुढं."

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. नव्वदचं दशक सरता सरता मला अमेरिकेतल्या एका नव्या, छोट्या कंपनीत नोकरी मिळाली. निघायच्या आधी मामांनी विचारलं, "कंपनीचं धुराडं केवढं हाय?"

"धुराडं नाहीये मामा. कॉम्प्युटरचं काम आहे."

"धुराडं नाई, मंग कंपनी काहाची?"

खरं तर तो प्रश्न मलाही तिथे गेल्यावर पडला. गालिच्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, डझनभर माणसं, दवाखान्यांना रुग्णांच्या वेळा ठरवायला लागणारं सॉफ्टवेअर. साहेब हाफपँट घालून यायचा. त्याचा कुत्रा टेबलाखाली झोपलेला असायचा. साहेबाला सगळे नुसत्या नावाने हाक मारत. माझ्या तोंडून ते नाव निघेना आणि 'सर' म्हटलं की लोक हसत. म्हणून मी हाकच मारत नसे. काही विचारायचं असलं तर त्याच्या टेबलाजवळ जाऊन उभा राहायचो, तो वर बघेपर्यंत. पुष्कळदा आधी कुत्राच बघायचा.

माणूस मनाने चांगला होता. पहिल्या थंडीत माझ्या अंगावर फक्त स्वेटर बघून त्याने घरून स्वतःचा जुना कोट आणून दिला. हे मी पुढचं सांगताना विसरू नये म्हणून इथेच लिहून ठेवतो.

त्या कंपनीत माझ्या शेजारी बसायचा तो एक तेलुगू माणूस. माझ्याहून काही वर्षांनी मोठा, माझ्यानंतर आलेला. त्याचं गाव आमच्या बाजूच्या सिरोंच्याच्या समोर, गोदावरीच्या पलीकडच्या काठावर. हे कळलं त्या दिवशी आम्ही दोघं खुळ्यासारखे हसत सुटलो. त्याची आजी नावेतून मिरच्या घेऊन सिरोंच्याच्या बाजारात यायची. "तुम्हारे लोग भाव बहुत गिराते थे," तो म्हणाला. मी म्हटलं, "मिरच्याच ओल्या असतील." मी त्याला अन्ना म्हणू लागलो आणि तो मला तम्मी, म्हणजे धाकटा भाऊ. त्याची बायको नुकतीच आली होती. तिने बाल्कनीत डब्यांमध्ये अंबाडी लावली होती. रविवारी मी त्यांच्याकडे जेवायचो.

एका सोमवारी अन्ना आला नाही. त्याने साहेबाला फोन करून पाठ दुखते असं सांगितलं आणि घरून काम करतो म्हणाला. मी संध्याकाळी गेलो, तर त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे. कावीळ. डॉक्टरने पडून राहायला सांगितलं होतं. पण त्या वर्षी आसपासच्या कंपन्या माणसं कमी करू लागल्या होत्या, आणि अन्ना सगळ्यांत नवा. आमची तिथे राहायची परवानगी नोकरीला बांधलेली. नोकरी गेली की सामान बांधायचं. "बीमार बोला तो पहला नंबर मेरा," तो म्हणाला. मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसायला गेला आणि बसल्या जागी कलंडला.

मी त्याचं काम करायला घेतलं. त्याने मला सांगितलं नव्हतं आणि मीही त्याला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं, हेच मुळात माझ्या डोक्यात आलं नाही.

आमच्या गावात पाऊस लागायच्या आधी तलावाचं पाणी उतरलं की सगळी धीवरांची घरं मिळून मोठं जाळं ओढतात. प्रत्येक घराचा एक माणूस दोरीला. कोणी आजारी असला तर त्याच्या जागी शेजारचा जास्तीचा जोर लावतो, त्याची चर्चा होत नाही. मग पाळीवर माशांचे वाटे घालतात, घरागणिक एक. मामा एकेक नाव पुकारत. अंथरुणावर पडलेल्या माणसाचंही नाव तेवढ्याच मोठ्याने पुकारत, जणू तो समोरच उभा आहे, आणि ज्याने त्याची दोरी ओढली तो "हाव" म्हणून त्याचा वाटा उचलून त्याच्या दारात नेऊन ठेवी. 'मी ओढली' असं कोणी म्हणालेलं मी लहानपणी कधी ऐकलं नाही. म्हणणाऱ्याला लोक हसले असते.

कंपनीतही दर सोमवारी सगळे गोल करून उभे राहायचे. साहेब एकेकाचं नाव घ्यायचा आणि ज्याने त्याने आठवड्यात काय केलं ते सांगायचं. अन्नाचं नाव आलं की मी म्हणायचो, "त्याचं झालं आहे." आणि झालेलं असायचंच. माझं काम उरकून शनिवार-रविवार मी त्याचं करत होतो, त्याच्या नावावर जमा करत होतो. भाताची पेज घेऊन त्याच्याकडे गेलो की सांगायचो, "अन्ना, काळजी नको." तो डोळे मिटून घ्यायचा. त्या दिवसांत मला खरोखर समाधान वाटत होतं. परदेशात आल्यापासून पहिल्यांदाच आपण काहीतरी ओळखीचं करतो आहोत असं वाटत होतं.

अन्ना बरा होऊन कामावर आला त्याच आठवड्यात एका मोठ्या दवाखान्याची माणसं आमचं सॉफ्टवेअर बघायला आली. त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, एकाच वेळेला दोन रुग्णांची नावं लागली तर तुमचा प्रोग्राम काय करतो? साहेब हसून अन्नाकडे वळला. तो भाग त्याच्या नावावर होता. अन्ना उभा राहिला. पडद्याकडे बघत राहिला. त्याने ते कधी वाचलंसुद्धा नव्हतं. मी बसल्या जागेवरून उत्तर दिलं. बरोबर दिलं. पाहुणे खूश होऊन गेले. साहेब मात्र माझ्याकडे बघत राहिला होता.

पाहुणे गेल्यावर त्याने मला बोलावलं. मी सगळं सांगितलं. कावीळ, पाठ, शनिवार-रविवार. तो म्हणाला, "तू दर सोमवारी माझ्यासमोर उभा राहून खोटं बोललास."

"काम तर झालं होतं."

"काम कोण करतंय हे मला कळायला नको?"

मी त्याला तलाव सांगितला. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोरी, वाटे, पाळीवरची हाक. त्याने मध्ये तोडलं नाही, शेवटपर्यंत ऐकलं. "सुंदर आहे हे," तो म्हणाला, आणि मला क्षणभर वाटलं की जमलं. मग तो म्हणाला, "मी या आठवड्यात एक माणूस कमी करायचा म्हणून डोकं धरून बसलो होतो. कोणाला ते ठरत नव्हतं. दोघांचं काम तू एकट्याने केलंस. म्हणजे ते एकाचंच काम होतं."

माझ्या खोटेपणाबद्दल त्याने मला माफ केलं. त्याच दिवशी दुपारी अन्नाला बोलावलं.

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं, पण नेहमीसारखं 'जेवून जा' म्हणाल्या नाहीत. अन्ना बाल्कनीतल्या अंबाडीला पाणी घालून आला. मग शांतपणे म्हणाला, "तेरे को किसने बोला था, तम्मी?"

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मालूम है, अच्छे के लिए किया. लेकिन तब मैं बीमार आदमी था. बीमार आदमी को कोई दो-चार दिन संभाल भी लेता. अभी मैं फालतू आदमी हूँ."

तो गेल्यावर त्याची खुर्ची तशीच राहिली आणि त्याचं काम माझ्याकडे आलं. या वेळी माझ्या नावावर. मला काही दिवस झोप लागली तरी सकाळी दमल्यासारखं वाटायचं. शेवटी मी मामांना पत्र लिहिलं. मामा चौथी शिकलेले. ओळीवर बोट ठेवून वाचतात, म्हणून अक्षर मोठं काढलं आणि घरच्या बोलीतच लिहिलं. त्याची एक नक्कल मी ठेवली होती, ती अशी:

"मामा, पाया पडतो. आईलेही सांगा.

माही तब्येत चांगली हाय, नोकरी चालू हाय. मांगच्या पत्रात ज्या अन्नाबद्दल लिहिलं होतं, तो आपल्या गावाले परत गेला. त्याले कावीळ झाली होती. तो बिमार होता तोवर त्याचं काम मी करून देलं, आपल्याकडं करते तसंच, कोणाले न सांगता. त्यावरून साहेबाले वाटलं का दोन माणसं कायले पाह्यजे. त्याले काढलं, मले ठेवलं. मी विमानतळावर गेलो होतो. त्यानं मले त्याची एकही पिशवी उचलू नाई देली.

इथले लोक म्हणतेत, तू नशीबवान.

नोकरी सोडू काय, हे मी तुमाले विचारत नाई. तुमी 'नोको सोडू' म्हणान, अन् मलेही तेच ऐकाचं हाय, म्हणून तो प्रश्न विचारणं बरोबर नाई.

मी दुसरं विचारतो. तुमी एवढी वर्षं नावं पुकारली. असं कधी झालं काय, का एकानं दोघांची दोरी ओढली अन् लोकं म्हणाले, मंग दुसऱ्याले वाटा काऊन? झालं असन तर तुमी काय बोलले? अन् ज्यानं दोरी ओढली होती, तो काय बोलला? माह्या मनासाठी गोड करून नोका सांगू. झालं असन ते सांगा.

फोनवर नोका सांगू. बूथवर चार लोकं उभे राह्यते, अन् तुमी समदं चांगलं हाय म्हणून फोन ठेवून देता. कागदावर लिहा. वेळ लागला तरी चालन, मी वाट पाहून राह्यलो.

तुमचा भाचा"