द्वारकाबाईंनी नापसंत केलेली बंदरं

छावणीच्या बाजारामागच्या गल्लीत एखाद्या मुलीचं लग्न द्वारकाबाईंना न विचारता जमलं, तर लोकांनाच चुकल्यासारखं वाटायचं. हा काही त्यांचा धंदा नव्हता, खोड होती. मुलाची नोकरी, शेती, घरदार बघायला बाकीचे नातेवाईक असतातच. ते दोन-दोन गाड्या भरून जातात आणि पोहे खाऊन परत येतात. द्वारकाबाई एवढंच करायच्या: मुलाकडच्यांच्या घरी काहीतरी निमित्त काढून एका वाटीतून शिरा नाहीतर शेंगदाण्याची चटणी पाठवायच्या आणि ती वाटी परत कशी येते यावर नजर ठेवायच्या.

दुसऱ्याची वाटी आपल्याकडे रिकामी परत करत नाहीत. अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. ज्या घरातून वाटी रिकामी यायची, ते घर द्वारकाबाईंच्या लेखी बाद. एका इंजिनियरचं चांगलं जमत आलेलं लग्न त्यांनी एवढ्यावरून मोडलं होतं. त्याच्या आईला त्या अजून बाजारात दिसल्या, की ती रस्ता बदलते.

तर अशा या बाईंच्या एकुलत्या एका मुलानं घर सोडून पाण्यावर राहायला जावं, हे जरा अतीच होतं. बन्सी जहाजावर इंजिनियर होता तोवर त्यांनी चालवून घेतलं. नोकरी म्हटली की माणूस कुठंही जातो. पण मग त्यानं नोकरी सोडली, इटलीत कोणाची तरी जुनी शिडाची बोट घेतली आणि बायकोला घेऊन तिच्यावरच संसार थाटला. तिकडे तिला यॉट म्हणतात. द्वारकाबाईंनी फोटो पाहिला आणि विचारलं, "न्हाणीघर कुठंय?" बन्सीनं फोटोवर बोट ठेवून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ही तर फळी हाय."

द्वारकाबाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता. पैठणचं धरण भरलेलं पाहिलं होतं आणि त्यापलीकडे जास्त पाण्याची माणसाला गरज असते असं त्यांना वाटत नव्हतं. सून रेवती गंगापूरची. ती त्यांनीच निवडलेली. तिच्या घरून वाटीत गुळाचा भलाथोरला खडा आला होता. ही पोरगी बन्सीला ताळ्यावर आणील अशी त्यांची खात्री होती. पण रेवती बोटीच्या टोकावर मांडी घालून, मांडीवर कॉम्प्युटर घेऊन आपलं ऑफिसचं काम करायची आणि वर म्हणायची, "आई, लई भारी वारा येतो हो इथं!" आता बोला.

अडचण एकच होती. बोट म्हणजे घर असलं तरी ते कुठंतरी बांधावं लागतं. उन्हाळाभर कुठंही फिरलं तरी चालतं, पण हिवाळ्यात तिकडचा समुद्र खवळतो, तेव्हा एका बंदरात ठाण मांडून बसावं लागतं. सरकारी नियमांत बसणारी, बोटीवर राहणाऱ्यांकडे संशयानं न बघणारी आणि चार माणसं बोलतील अशी जागा त्यांना हवी होती. बन्सीला एक बंदर आवडायचं, तर रेवतीला दुसरं. भांडून भांडून दोघं दमले. अक्षय्य तृतीयेला दोघं घरी आले, तेव्हा आंब्याच्या रसाची वाटी हातात घेऊन बन्सीनं जाहीर केलं, "दिवाळीपर्यंत मनासारखं बंदर नाही मिळालं, तर बोट विकून टाकतो आणि इथंच येतो. आई, तूच ठरव. तू जगाच्या पोरी सुस्थळी पाडल्यास."

"आईंनी पसंत केलं तरच मी राहणार," रेवती म्हणाली.

द्वारकाबाईंनी चेहरा गंभीर ठेवला. पण पोरं परत गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी रंगाऱ्याला बोलावलं आणि वरची खोली पोपटी करून घेतली. पंच म्हणून नेमलेल्या माणसानं निकाल आधीच लावून ठेवला होता. मला त्यात फारसं वावगं वाटत नाही. आईच ती, न्यायाधीश थोडीच!

गल्लीत समोरच गौहरआपांचं घर. दोघी लग्न होऊन एकाच वर्षी या गल्लीत आल्या आणि तेव्हापासून रोज दुपारी एकमेकींच्या ओट्यावर बसतात. फोन यायचा तो या बैठकीतच. द्वारकाबाईंनी रेवतीला कामाला लावलं: प्रत्येक बंदरात शेजारच्या बोटीला वाटीभर शिरा द्यायचा आणि काय होतं ते कळवायचं.

पहिला अहवाल इटलीहून आला. शेजारी एक जर्मन जोडपं होतं. त्यांनी शिरा मिटक्या मारत खाल्ला, वाटी साबणानं घासून, पुसून, चकचकीत करून परत केली आणि वाकून आभार मानले.

"रिकामी?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"आई, घासून दिली त्यांनी!" बन्सी कळवळून म्हणाला.

"घासायला मी सांगितलं व्हतं का? ऊठ तिथून."

क्रोएशियात हाच प्रकार झाला. तिथल्या एका म्हाताऱ्यानं तर वाटीबरोबर शिऱ्याची कृती मागितली. कृती घेऊन गेला, पण वाटीत काही नाही! द्वारकाबाईंनी कपाळावर हात मारला आणि त्या देशावर फुली मारली. बिचाऱ्या त्या माणसांना आपण कुठल्या परीक्षेला बसलोय हेच ठाऊक नव्हतं. त्यांच्या रिवाजात भांडं स्वच्छ करून देणं हाच मान. पण हे द्वारकाबाईंना सांगणार कोण?

माल्टात मात्र पंचाईत झाली. शेजारणीनं वाटीत चॉकलेटं भरून पाठवली. रेवतीनं आनंदानं फोन केला. द्वारकाबाईंनी विचारलं, "दुकानातली का घरची?"

"दुकानातली. चॉकलेट घरी कोण करतं आई?"

"मग नाय. हातचं पायजे. दुकानातलं कोन बी देतंय."

फोन ठेवल्यावर गौहरआपांनी सुपारी कातरता कातरता त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "द्वारका, बेइमानी करू नक्को. मेरी सलमा के वक्त सासरवरून वाटीत बिस्कुटं आली व्हती. पारले की. तब तू बोली, अच्छे लोगां हैं."

"तेव्हाची गोष्ट येगळी."

"येगळी कैसी? तब मेरी बेटी जारी थी. अब तेरा बेटा आरा."

द्वारकाबाईंना राग आला. खरं बोलणाऱ्या मैत्रिणीचा येतो तसा, पोटातून. दोन दिवस त्या समोरच्या ओट्यावर गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गौहरआपाच आल्या आणि नेहमीच्या जागी सुपारी कातरत बसल्या.

पावसाळा संपत आला तशी बोट तुर्कस्तानच्या एका लहानशा बंदराला लागली. तिथं शेजारी परदेशी पाहुण्यांच्या बोटी नव्हत्याच. एका कोळ्याचा मचवा होता आणि धक्क्यावरच त्याचं घर. त्याची म्हातारी बायको एमिने ओट्यावर जाळी शिवत बसायची. रेवतीनं तिला शिरा दिला. तिनं घेतला, रेवतीच्या गालाला हात लावला आणि घरात गेली.

वाटी परत आलीच नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला. रेवती समोर दिसली की एमिने मान वळवायची आणि घाईनं आत जायची.

"ढापली!" द्वारकाबाईंनी आनंद लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "रिकामी देनारे परवडले, ही तर भांडंच खाऊन बसली. बास झालं बन्सी. आता ये घरी."

बन्सी हिरमुसला, पण दिलेला शब्द पाळणारा पोरगा. त्यानं बोटीसाठी गिऱ्हाईक शोधलं. इकडे द्वारकाबाईंनी गल्लीभर वर्दी दिली. वाण्याला, दूधवाल्याला, कोपऱ्यावरच्या आशाबाईला. चकलीची भाजणी नेहमीच्या दुप्पट दळून आणली. गौहरआपांनी मुबारकबाद दिली आणि सुपारी कातरत राहिल्या.

दिवाळी तोंडावर आली असताना एका दुपारी रेवतीचा व्हिडिओ कॉल आला. आवाज दबका होता.

"आई, हे गिऱ्हाइकाला बोट दाखवायला गेलेत. ह्यांना अजून म्हाईत नाही. वाटी आली."

"कवा?"

"आत्ता. एमिनेमावशी घेऊन आली. वाटीत तिच्या दारच्या अंजिराचा मुरांबा आहे. तिला वाटी रिकामी द्यायची नव्हती आणि घरात द्याजोगं काही नव्हतं. म्हणून अंजीर पिकायची वाट बघत होती. लाज वाटायची म्हणून माझी नजर चुकवायची." रेवतीनं मागं वळून धक्क्याकडे पाहिलं. "ह्यांना सांगू का नको? तुम्ही म्हणाल तसं करते."

अगदी असंच द्वारकाबाई स्वतः करायच्या. शेजारणीचा डबा महिनाभर फळीवर ठेवून, नजर चुकवत, घरात काही गोडधोड होण्याची वाट बघायची. परीक्षा पास झाली होती. पैकीच्या पैकी. आणि सून समजूतदार निघाली होती, हीच मोठी अडचण होती. एक शब्द बोलायचा, 'नको सांगू', की बन्सी दिवाळीला घरी. कोणाला कळणार होतं? गौहरआपांच्या अडकित्त्याचा आवाज थांबला होता. त्या भिंतीकडे बघत होत्या.

"तिला दाखव जरा," द्वारकाबाई म्हणाल्या.

पडद्यावर डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली, सुरकुतलेली बाई आली. फोन नाकाला लागेल इतका जवळ घेऊन तिनं द्वारकाबाईंना न्याहाळलं आणि रेवतीला काहीतरी विचारलं. रेवतीनं मोडक्यातोडक्या तुर्कीत उत्तर दिलं. ते ऐकलं मात्र, बाईचा आवाज चढला. हातवारे करत ती रेवतीवर बरसू लागली. गौहरआपांना त्यात 'दुनिया' आणि 'इन्सान' एवढेच शब्द कळले, तरी त्या मान डोलावू लागल्या.

"काय म्हनती ती?"

रेवती ओशाळली. "म्हणते, ही आई एकटी घरी आणि तुम्ही दोघं पाण्यावर हुंदडता? लाज नाही वाटत? वर्षातून दोनदा तरी आईला भेटायला गेलंच पाहिजे. आणि ह्यांना एकटं गाठून म्हणे ती रोज रागावते, थंडीत डोक्याला काही बांधत नाहीत म्हणून."

द्वारकाबाईंच्या भुवया उंचावल्या. "माझ्या पोराला रागावनारी ही कोन?" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण म्हणता म्हणताच त्यांचा आवाज बदलला. इतक्या बंदरांतल्या इतक्या भल्या माणसांनी बन्सीचे आभार मानले, वाकून नमस्कार केले, चॉकलेटं दिली. रागावलं कोणीच नव्हतं. जिथं आपल्या पोराला हक्कानं बोलणारं माणूस आहे, तिथं ते पोर परकं राहत नाही, हे त्यांना चांगलं कळत होतं. कळायला नको होतं, पण कळलं.

"रेवती, पळत जा," त्या घाईनं म्हणाल्या. "बन्सीला सांग, बोट इकू नको. ही जागा पसंत हाय. आन त्या बाईला म्हनावं, टोपी घालत नसला तर कान धरायचा त्याचा. माझी परवानगी हाय."

फोन बंद झाला. द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मग त्यांना रडू आवरेना. गौहरआपा सरकून जवळ आल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसल्या.

तेवढ्यात कोपऱ्यावरची आशाबाई लगबगीनं आली. "काकू, बन्सी कोन्त्या दिवशी येतोय? आमच्याकडं फराळाला बोलवायचंय त्याला."

"नाय येत," द्वारकाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "जागा मिळाली त्याला. लई चांगली."

"अवो, मग रडता कशाला?"

"चांगली मिळाली म्हनूनच रडते," द्वारकाबाई म्हणाल्या. "वाईट मिळाली असती, तर घरी नसता का आला?"