बाबाजींची चाळीस मिनिटं

बाबाजी तावडे मला प्रथम भेटले ते १३ ऑक्टोबर १९९८ रोजी, मंगळवारी, दुबईतल्या एका इस्पितळात. खुर्ची दिली तर ते बसेनात. बसलं की कंबर दुखे आणि उभं राहिलं की दहा मिनिटांत पाय जड होत. वय सेहेचाळीस, बारा वर्षं गवंडीकाम. दोन वर्षांपूर्वी ते परांचीवरून घसरले होते. हाड कुठेच मोडलं नव्हतं, एक्स-रे स्वच्छ होता, तरी दुखणं गेलं नव्हतं. मार्चपासून तर ते कामावरही नव्हते.

अशा जुनाट दुखण्याच्या माणसांसाठी इस्पितळात आठ आठवड्यांचा वर्ग चाले. पहिल्या तासाला मोहिद्दीन नावाचे केरळी फिजिओथेरपिस्ट व्यायाम घेत. दुसऱ्या तासाला खतीजा मॅडम, म्हणजे मनाच्या डॉक्टर, एकेकाशी बोलत. व्यायाम हिंदीत निभावे. पण मॅडमना अरबी आणि इंग्रजीच येई आणि बाबाजींची हिंदी विटा-सिमेंटपुरती. म्हणून दुबईतल्या मराठी मंडळाने मला दुभाषी म्हणून पाठवलं. यजमान गेल्यापासून माझे मंगळवारच काय, सगळेच वार मोकळे होते.

पहिल्याच दिवशी माझी चूक झाली. मॅडमनी विचारलं, "तुम्हाला इथून काय हवंय?"

"आराम पाहिजे, बाई. दुसरं काय?"

यांना विश्रांती हवी आहे, असं मी इंग्रजीत सांगितलं. मॅडमनी ते लिहून घेतलं. पुढच्या मंगळवारी त्या म्हणाल्या, "विश्रांतीच हवी असेल तर हा वर्ग त्यांच्या उपयोगाचा नाही. त्यांची जागा दुसऱ्याला देते."

बाबाजींना सांगितलं तर ते भडकलेच. "सात महिने निजून निजून गादीला खड्डा पडला माझ्या! आराम पडायला पाहिजे म्हटलं मी. तुम्ही मराठीच ना, बाई?"

मराठीच होते. मी मॅडमची माफी मागितली आणि आमच्या या एका शब्दात निजणं आणि बरं होणं दोन्ही कसं मावतं, ते समजावून सांगितलं. त्यांनी नवा कागद घेतला. "बरं वाटलं तर सगळ्यात आधी काय कराल?"

बाबाजी म्हणाले, "फोनच्या रांगेत उभा राहीन."

दुबईतल्याच सोनापूरला, त्यांच्या कामगार-कॅम्पाबाहेर दोन फोन बूथ होते. शुक्रवारी सुट्टी, म्हणून तिथे चाळीस-चाळीस मिनिटांची रांग लागे. तिकडे गावात त्यांची बायको सगुणा दर शुक्रवारी संध्याकाळी वाण्याच्या दुकानात येऊन फोनची वाट पाही. बाबाजींनी मार्चपासून फोन केला नव्हता.

"कुणाला तरी नंबर धरायला सांगायचा," मी म्हटलं.

"खोलीतले सहाही जण माझ्याच वाडीचे. त्यांना वाटतं, पाठीत जरा उसण भरलीये, आज-उद्या कामावर जाईल. रांगेतही उभं राहवत नाही हे कळलं की वाडीभर बोंब, बाबाजी कामातून गेला! सगुणेला ते दुसऱ्याच्या तोंडून कळायचं."

"आणि पत्र?"

"पत्रात खुशाल आहे म्हणून लिहितो."

उभं राहिलं तर काय होईल, असं मॅडमनी विचारलं. मणका मोडेल, असं ते म्हणाले. मोहिद्दीन हसले. "चाचा, हड्डी ठीक है. कमर डर गई है."

मग ठरलं. रोज सात मिनिटं उभं राहायचं आणि हळूहळू चाळीसपर्यंत वाढवत न्यायची. बरं वाटलं म्हणून जास्त नाही, दुखलं म्हणून कमी नाही. किती दुखलं ते सांगायचं नाही, मिनिटं तेवढी सांगायची. ती मी माझ्या डायरीत उतरून घेई. एके दिवशी बरं वाटलं म्हणून त्यांनी बाराऐवजी एकदम पंचवीस मिनिटं केली आणि दोन दिवस आडवे झाले. मॅडमनी पुन्हा बारावर आणलं. बोलण्याच्या तासाला त्या दर वेळी एकच विचारत, सगुणेला काय सांगणार? बाबाजींचं उत्तरही एकच, "खुशाल आहे."

१ डिसेंबरला ते वाकडे चालत आले.

"उभा राहिलो, बाई. अडतीस मिनिटं."

"दुखलं?"

"दुखलं तर! पण फोन लागला. वाणी म्हणाला, सगुणावैनी यायच्या बंद झाल्या गणपतीपासून. बोलावून आणतो, अर्ध्या तासानं करा."

"मग?"

"मग परत रांगेच्या शेवटी गेलो."

मोहिद्दीननी कपाळावर हात मारला. "चाचा! चालीस बोला था, अस्सी नहीं!"

"दुसऱ्यांदा ती आली. म्हणाली, कोण बोलतंय? मार्चपासून आवाज ऐकला नव्हता तिनं. तिची काय चूक?"

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. मला भाषांतराला वेळ लागला. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत?"

"सगळं सांगितलं. कंबर, कामावर नाही, सगळं. ती काहीच बोलली नाही. मागे दुकानात कुणीतरी शेंगदाणे मागत होतं, तेवढं ऐकू येत होतं. मग फोनचं कार्ड संपलं."

"या शुक्रवारी येणार आहे का ती?"

"तेच विचारायचं राहिलं."

बाबाजी खिडकीबाहेर बघत होते. मग मोहिद्दीनकडे वळले, बूट काढले आणि सतरंजीवर उभे राहिले.

"यल्ला, चलो भाई, घड़ी लगाओ."