जुळवलेल्या तारखा

एमआरआयच्या मशीनमधून हसण्याचा आवाज येत होता.

मशीनमध्ये लोक रडतात. घाबरतात. हातात दिलेला रबरी फुगा दाबदाबून बाहेर काढा म्हणतात. कलबुर्गीत इतकी वर्षं रेडिओलॉजी करतेय, पण हसणारी पेशंट पहिलीच. टेक्निशियनने माइकवरून सांगितलं की अजिबात हलू नका, फोटो हलतायत. आतून उत्तर आलं, "मी न्हाई ओ हलायले. हसूच हलायलंय."

ही शोभा. भालकीकडच्या मेहकरची, तिघी बहिणींतली धाकटी. स्तनांचा एमआरआय पालथं झोपून करतात. खाली एक साचा असतो, त्याला दोन मोठी भोकं. छाती त्यात मोकळी सोडायची आणि गप पडून राहायचं. शोभा त्यावर झोपली आणि दार लागायच्या आत बाहेरच्या बहिणीला ओरडून म्हणाली, "अक्का, दावणीला बांधल्यावानी वाटायलंय बघ. आता धार काढतेत वाटतं." मग काय, बाहेर अक्का पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली, मधली नंदा खालीच बसली आणि आत शोभाच्या पोटात हसू फिरत राहिलं. फोटोंची अख्खी सिक्वेन्स वाया गेली. पुन्हा पहिल्यापासून.

या तिघींची आई स्तनाच्या कॅन्सरने गेली. पुढे थोरलीला, म्हणजे मुडबीला दिलेल्या कमलाक्काला, तोच आजार झाला. ऑपरेशन झालं, ती बरी झाली. तेव्हा रक्ताची जीन टेस्ट केली आणि घराण्यातला दोष सापडला. असा दोष असला की कॅन्सरचा धोका इतर बायकांपेक्षा कितीतरी जास्त असतो. बाकीच्या दोघींची टेस्ट केली, त्यांच्यातही तोच. म्हणून काही झालेलं नसताना दर वर्षी तपासायचं, एमआरआय आणि मॅमोग्राफी. चोर घरात शिरायच्या आधी कडी बघून यायची, एवढाच अर्थ.

पण या तिघींनी त्याची पंचमी केली होती. आमच्याकडे नागपंचमीला लेकी माहेरी येतात, झोके खेळतात. आई गेल्यावर यांचं माहेर बंद पडलं. तेव्हा पंचमीच्या आठवड्यात जीप करून तिघींनी कलबुर्गीला यायचं, असं अक्काने ठरवून टाकलं. सोबत धपाटे, शेंगाची चटणी, डबाभर लाह्या. वेटिंगमधल्या अनोळखी माणसांनाही वाटप. आमची रिसेप्शनिस्ट त्यांची वाट बघायची ती कॅन्सरमुळे नव्हे, चटणीमुळे.

अडचण एकच होती. एमआरआयच्या वेळी शिरेतून एक औषध सोडतात. जिथं रक्त जास्त खेळतं ती जागा पांढरी चमकते. कॅन्सरला रक्त फार लागतं, म्हणून तो चमकतो. पण पाळी यायच्या आधीच्या दिवसांत चांगलाचुंगला स्तनही चमकतो, हार्मोनमुळे. म्हणून पाळी सुरू झाल्यापासून दुसऱ्या आठवड्यात बोलवायचं. अक्काची पाळी कायमची थांबलेली, तिला कोणताही दिवस चालतो. नंदा आणि शोभाच्या तारखा मात्र जुळायच्या नाहीत. आदल्या वर्षी दोघींना वेगळ्या दिवशी बोलावलं, तर अक्का माझ्यावर रुसली होती. यंदा तिचाच फोन आला, की म्याडम, दोघींच्या तारखा जुळल्या, पंचमीच्या आठवड्यातच बसायलेत. मलाही आनंद झाला. आल्यावर मी दोघींना तारीख पुन्हा विचारली. दोघींनी पाढा म्हटल्यासारखी तीच सांगितली. काही गोळ्या चालू आहेत का, हेही विचारलं. न्हाई म्हणाल्या.

संध्याकाळी स्क्रीनसमोर बसले आणि माझं हसू विझलं. अक्काचा फोटो स्वच्छ. नंदाच्या दोन्ही स्तनांत पांढरे ठिपकेच ठिपके. शोभाच्या तर त्याहून जास्त, आणि डावीकडे एक ठिपका बाकीच्यांपेक्षा ठसठशीत. शोभाला दोन लहान पोरं आहेत. मी लगेच सोनोग्राफी करून पाहिली. तिथं काहीच सापडलं नाही. तिघी जीप थांबवून बसल्या होत्या, कारण मी अजून जाऊ नका म्हटलं होतं. मग मी आमच्या सरांकडे गेले.

"दोघींनाही?" सर म्हणाले.

"दोघींनाही."

"जीन पॉझिटिव्ह आहेत. सरळ बायोप्सी लावा."

"सर, कॅन्सर काय जीप करून येतो का? दोघी बहिणींना एकाच दिवशी, एकसारखा? मला आधी त्यांच्या अक्काशी बोलायचंय."

"अक्का रेडिओलॉजिस्ट आहे का?"

"नाही. पण तारखा तिनं दिल्यात."

कमलाक्का लग्नं जुळवण्यात पटाईत आहे. मुडबीपासून भालकीपर्यंत तिने जुळवलेली जोडपी सुखाने नांदतात, हे ती ओळख होताच सांगते. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, की दोघींच्या पाळ्या खरंच एकाच दिवशी आल्या होत्या का. आधी ती पावसापाण्याकडे वळली. मग चटणीकडे. मी हलले नाही.

"पत्रिका बघताना थोडं मागंपुढं धरतेतच की म्याडम," ती शेवटी म्हणाली.

"किती मागंपुढं?"

"पंधरा दिस." वर समजावणीच्या सुरात म्हणाली, "पर अडचण येऊ दिली न्हाई मी. दोघींस्नी गोळी चालू हाय."

"गोळी? मी विचारलं तेव्हा न्हाई म्हणाल्या की."

"तुमी औषधाची विचारलाव. ही जत्रंची गोळी. ती काय औषध हाय का?"

आमच्या भागात ही गोळी सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न, जत्रा, सत्यनारायण, काहीही असो, पाळी आड येऊ नये म्हणून मेडिकलमधून आणून घेतात आणि पाळी पुढे ढकलतात. अक्काने माझा नियम आपल्या पद्धतीने समजून घेतला होता. डॉक्टर पाळीची तारीख विचारते, म्हणजे त्या दिवशी पाळी नको. सगळ्या शुभ कामांना ती चालत नाहीच. म्हणजे एकीची पाळी पंधरा दिवसांपासून आणि दुसरीची नुकतीच, यायच्या बेतात असताना गोळीने थोपवून धरली होती, आणि नेमक्या चमकायच्या दिवसांत मी त्यांचे फोटो काढले होते.

मला तिचा राग यायला हवा होता. आला हसण्याचा उमाळा. बाकीच्या दोघी येऊन उभ्या राहिल्या, त्यांना मी सगळं सांगितलं. नंदाला हसू फुटलं. शोभा हसली नाही.

"मग ते पांढरं गोळीचंच हाय का?" तिने विचारलं.

"बहुतेक. पण बहुतेक म्हणजे नक्की नाही."

"आईला बी सगळे बहुतेकच म्हणायलते," ती म्हणाली.

अक्काचा चेहरा पडला. आपल्या हौसेपायी धाकटीच्या जिवाला घोर लागला, हे तिला तिथंच समजलं. मी सांगितलं की गोळी आजच बंद करा, पाळी येऊ द्या, आणि दुसऱ्या आठवड्यात फोन करा. खऱ्या तारखेने. सरांना मी सांगितलं की बायोप्सी थांबवतेय. ते म्हणाले, जबाबदारी तुमची. मधले दिवस मी नीट झोपले नाही, हे खरं आहे.

नंदा आधी आली, कोहिनूर या तिच्या सासरच्या गावाहून. तिचा फोटो स्वच्छ निघाला. शोभा नंतर आली, आणि सोबत बाकीच्या दोघीही. या वेळी मशीनमधून हसण्याचा आवाज नाही. शोभा इतकी गप पडली होती की टेक्निशियननेच दोनदा माइकवर विचारलं, बऱ्या आहात ना. मी काचेमागे उभी होते. औषध शिरलं. फोटो एकेक उमटत गेले. उजवीकडे काळं. डावीकडे काळं. तो ठसठशीत ठिपका जिथं होता, तिथंही काळं. मी पुन्हा पाहिलं. सरांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं, "गुड," म्हणाले आणि निघून गेले. सरांचं गुड म्हणजे इतरांचे पेढे.

शोभाचा माझ्या नुसत्या शब्दावर विश्वास बसला नाही. तिला स्क्रीनसमोर आणून दोन्ही वेळचे फोटो शेजारी शेजारी दाखवले. ती एकेका फोटोवर बोट ठेवत गेली. मग दारातल्या अक्काकडे वळून म्हणाली, "अक्का, म्हस भाकड निघाली गं."

त्यानंतर आमच्या डिपार्टमेंटमध्ये जे हसणं झालं ते मी लिहून सांगू शकत नाही. अक्का हसता हसता रडली. टेक्निशियन खुर्ची फिरवून पाठमोरा बसला. मी माझ्या पदवीचा विचार न करता तिघींच्या मिठीत शिरले.

यातून मी एक शिकले. "गोळ्या चालू आहेत का" असं मी आता नुसतं विचारत नाही. "इतक्यात लग्नकार्य, जत्रा, पूजा काही आहे का" असं विचारते. बायका लगेच पर्समधून पाकीट काढून दाखवतात.

पुढच्या पंचमीला अक्काचा फोन आला. मी सावध होऊन विचारलं, तारखा जुळल्या का?

"न्हाई जुळल्या म्याडम," ती म्हणाली. "एकीची ह्या आठवड्यात, दुसरीची पंधरा दिसानं. म्हणून जीप दोनदा सांगितलाव. तिघी बी दोन्ही बारीला येताव. औंदा पंचमी दोनदा हाय."