साडूंचा अंतरपाट

आमच्या साडूंइतका जमिनीवर पाय असलेला माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. हे मी कौतुकानं म्हणत नाहीये. जमिनीपासून वीतभर जरी पाय सुटला तरी ह्या गृहस्थांचा जीव कासावीस होतो. स्टुलावर चढायच्या नुसत्या विचारानं त्यांना दरदरून घाम फुटतो. पण सोलापूरच्या उन्हात घामाचं कारण कुणी विचारत नाही, म्हणून इतकी वर्षं निभावलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा चादरींचा कारखाना आहे. तिथं सुताची पोती ठेवायला पुरुषभर उंचीचा एक माळा आहे. मालक असून त्या माळ्यावर काय आहे हे साडूंनी आजवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. कामगार वर चढला की हे खालून ओरडतात, "जपून रं! लई वर गेलास की!"

भीती वाटते असं मात्र मेले तरी म्हणायचे नाहीत. घर तळमजल्यावर का घेतलं? तर, "वर पाणी चढत न्हाई." थिएटरात बाल्कनी का नको? "खाली बसल्याबिगर पिक्चरची मजाच न्हाई की." गड्ड्याच्या जत्रेत आम्ही सगळे पाळण्यात बसून किंचाळत असायचो आणि साडू खाली सगळ्यांच्या पिशव्या गळ्यात अडकवून, आमच्या चपलांवर नजर ठेवून उभे. चपला राखणं ही जगातली सर्वांत जबाबदारीची नोकरी आहे, असा त्यांचा चेहरा असायचा. एकदा कुर्डुवाडीला गाडी बदलायची होती आणि दुसरी गाडी नेमकी पूल ओलांडून पलीकडच्या फलाटावर. साडू पुलाच्या पहिल्या पायरीशी चहा घेत उभे राहिले, गाडी डोळ्यांदेखत निघून गेली आणि हे एसटीनं घरी येऊन सांगतात कसे, "गाडीला लई गर्दी हुती." त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. ती बिचारी गेली कित्येक वर्षं स्वतःच स्टुलावर चढून पंखे पुसते, आणि हे स्टूल धरतात. तेही डोळे मिटून!

अशा माणसाच्या पोटी मुलगी कशी निघावी? एकुलती एक लेक, थेट कॅनडात नोकरी घेऊन बसली. निघण्याआधी तिनं एकच हट्ट धरला. लहानपणापासूनच्या सहलींच्या एकाही फोटोत तिचा बाप नव्हता. फोटो नेहमी वर निघायचे, आणि बाप खाली चपलांपाशी. "जायच्या आधी गडावर आपला सगळ्यांचा एक फोटो पाहिजे," ती म्हणाली, "पप्पांना धरून."

"मग आपल्या भुईकोटात काढू की," साडू म्हणाले. "त्योबी किल्लाच हाय."

पोर भांडली नाही, रडली नाही. नुसतं "बरं" म्हणाली आणि उठून आत गेली. त्या एका 'बरं'पायी साडू रात्री जेवले नाहीत म्हणे. सकाळी मला फोन. "गाडी कधी काढायची?"

साताऱ्याकडचा एक गड ठरला. झाडीतली वाट होती तोवर साडू ऐटीत चालले; मला दम लागलेला बघून दोनदा हसलेसुद्धा. मग झाडी संपली आणि कड्यात कोरलेल्या पायऱ्या सुरू झाल्या. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. साडू मटकन खाली बसले.

"तुमी व्हा म्होरं. मी चपला बघतो."

"पप्पा, सगळ्यांच्या पायात बूट आहेत!"

"अवो, उठा," मेहुणीबाई म्हणाल्या. "माकडं हसायलीत."

माकडं कशाला, मीच हसत होतो. लेक मात्र हसत नव्हती. ती तोंड फिरवून गडाच्या दरवाज्याकडे बघत उभी होती. साडूंनी तिच्या पाठीकडे बराच वेळ पाहिलं, मग पिशवीत हात घातला आणि स्वतःच्या कारखान्यातली मोरांच्या नक्षीची चादर बाहेर काढली. सोलापूरकर चादरीशिवाय उंबरा ओलांडत नाही, पण ती गडावर कशाला लागते ते मला त्या दिवशी कळलं.

"मला दरी दिसली न्हाई म्हंजे झालं," ते म्हणाले. "धरा."

आणि वरात निघाली! पुढचं टोक माझ्या हातात, मागचं मेहुणीबाईंच्या, मध्ये साडू कड्याला गाल घासत, आणि साडू व दरी यांच्यामध्ये अंतरपाट. लेकीच्या लग्नाआधी बापाचंच लग्न लागायची वेळ आली. वरून उतरणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी "शुभमंगल सावधान!" असा एकच गलका केला, आणि एकानं तर हातातले चुरमुरे अक्षता म्हणून उधळले. साडूंचा गाल कड्याला चिकटलेला, तरी धंदा सुटला नव्हता. "हसा, हसा! पण चादर बघा की, डबल विणीची हाय!"

दरवाज्याच्या खालच्या वळणावर वारा आला. चादर टम्म फुगली, आणि मेहुणीबाई एकदम दरीकडे झुकल्या. "अवो, ही मला वढतिया!" माझं हसू जागच्या जागी जिरलं. मी नुसतं माझं टोक धरून उभा.

साडूंनी मात्र कडा सोडला. "सोड ती! सोड म्हंतो न्हवं!" असं ओरडून त्यांनी बायकोचा दंड धरून तिला आत ओढलं. माझ्या आणि मेहुणीबाईंच्या हातांतून सुटलेली चादर मोरांसकट दरीत तरंगत गेली. ती कुठवर जाते ते बघता बघता साडूंनी सगळी दरी पाहिली. चांगली तळापर्यंत.

"चांगली चादर गेली की," ते एवढंच म्हणाले. बायकोचा दंड न सोडता उरलेल्या पायऱ्या ते उघड्या डोळ्यांनी चढले. वर फोटो निघाला. त्यात सगळे आहेत. साडूही आहेत, फक्त फोटोपुरते त्यांनी डोळे मिटून घेतलेत.

पोर कॅनडाला गेली त्याला आता वर्ष होत आलं. परवा संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो तर घरात साडू नाहीत. "गच्चीवर असतील," मेहुणीबाई पंखा पुसता पुसता म्हणाल्या. मी थट्टेची पूर्ण तयारी करून वर गेलो. साडू पाण्याच्या टाकीला पाठ लावून, दोन्ही तळवे जमिनीला घट्ट टेकवून बसले होते. कपाळावर घाम होता.

"रोज येतो," ते म्हणाले. "सवय व्हायला पायजे." मग खालच्या आवाजात विचारलं, "इमानात खिडकी सोडून मधली जागा मागता येती का वो?"

जिभेवर आलेलं मी गिळलं. "येते की," म्हणालो.

"मग बघा की तिकिटाचं कसं काय ते." त्यांनी फोन काढून माझ्यापुढे धरला. "पोरगी फोटू धाडती. मागं नुसता बर्फ. शेजारी माणूस न्हाई कुणी."