खिडकीच्या फटीतून

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत माझ्या मिस्टरांना पकडून नेलं, त्यानंतर आमच्या गिरगावातल्या चाळीसमोर एक माणूस येऊन बसू लागला. साधे कपडे, पायात मात्र पोलिसी बूट. समोरच्या सलूनच्या बाकावरून तो आमच्या खोलीकडे बघत असायचा. आमच्याकडे कोण येतं, कोण जातं, यावर लक्ष ठेवणं एवढंच त्याचं काम.

पण येणारं कोणी उरलंच नाही. शेजारणी गॅलरीतून जाताना आमच्या दारापाशी भराभर पाय उचलायच्या. विरजण मागायला येणारी शेजारीणही यायची थांबली. मी कपडे खोलीतच वाळत घालू लागले, वेणीसुद्धा भिंतीकडे तोंड करून घालायची. जवळच्या एका फोटो स्टुडिओत मी फोटो रंगवायचं काम करत असे. तिथून परतताना तो दिसला की हात आपोआप पदराकडे जायचा, आणि मग स्वतःचाच राग यायचा.

स्टुडिओचे मालक म्हातारे पारशी. लग्नाची फिल्म काढायला त्यांच्याकडे चावीचा छोटा कॅमेरा होता. एक रीळ उरलं होतं, ते घरी नेऊन हात बसव म्हणाले. मी कॅमेरा पिशवीत भाजीखाली घालून आणला, खिडकी बोटभर उघडी ठेवली आणि त्या माणसालाच टिपू लागले. आता मी त्याला बघत होते आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. तो जांभया द्यायचा, फडक्यातली भाकरी खायचा. एकदा सलूनच्या आरशात बघून त्यानं मिशीतला पांढरा केस उपटला.

मध्ये काही दिवस तो आलाच नाही. मी पुन्हा पुन्हा खिडकीशी जात होते. आजारी तर नसेल, असं मनात आलं आणि मी चपापले. त्या दिवसांत मी कधी गेले, कधी आले, हे बघणारं तेवढंच एक माणूस होतं.

मिस्टर सुटून आले तेव्हा चाळीनं त्यांना हार घातले. शेजारणी पुन्हा दारात उभ्या राहू लागल्या. तो माणूस मात्र कायमचा दिसेनासा झाला.

एका रविवारी मालकांनी, मी परत दिलेलं रीळ धुऊन आल्याचं सांगितलं आणि आम्हा दोघांना स्टुडिओत बोलावलं. दारं लावून भिंतीवर फिल्म दाखवली. ती संपल्यावर मिस्टर हळूच म्हणाले, "मी तुरुंगात असताना तू याच्याकडे बघत होतीस?"

"तो माझ्याकडे बघत होता," मी म्हटलं. "दुसरं कोणी बघत नव्हतं, अहो."

मालकांनी दिवा लावला.

बाहेर मिस्टरांना चळवळीतले सोबती भेटले. शिवाजी पार्कला सभा होती. "तू हो पुढे," म्हणून ते त्यांच्याबरोबर गेले. मी एकटीच घरी चालत आले, दोघांचा भात लावला आणि वाट बघत बसले. पुढं आमचा संसार पुष्कळ वर्षं चालला. त्या फिल्मचा विषय मात्र दोघांपैकी कोणीच काढला नाही.